थंड ऊन आणि उघडे डोळे

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील माणसाला उन्हाविषयी नव्याने काही शिकवावे लागत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला तरी येथे कोणाला नवल वाटत नाही. तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांचे भारे घेऊन परततात, मोहफुले वेचण्याचे काम सकाळीच उरकते, आणि दुपारी बाहेर पडणे भागच असेल तर डोके, कान व तोंड दुपट्ट्याने गुंडाळल्याशिवाय कोणी शहाणा माणूस रस्त्याला लागत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे आणि त्याने असंख्य जीव उष्माघातापासून वाचवले आहेत. मात्र ते सारे उष्णतेविषयीचे शहाणपण आहे. डोळ्याच्या पृष्ठभागाला सर्वाधिक इजा करणारा सूर्यकिरण अंगाला गरम लागत नाही, दिसत नाही आणि इजा होत असतानाही जाणवत नाही. त्यामुळे झळ किती लागते यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. नेत्रसहाय्यक, म्हणजे नेत्रतज्ज्ञाच्या हाताखाली दृष्टी तपासणारा, चष्म्याचा नंबर काढणारा आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडून देणारा आरोग्य कर्मचारी, या नात्याने ज्याने आपल्या नोकरीची बहुतेक वर्षे या दोन जिल्ह्यांतील ग्रामीण रुग्णालयांत, नेत्रशिबिरांत आणि आश्रमशाळांत काढली, अशा एका व्यक्तीच्या अनुभवावर पुढील विवेचन आधारलेले आहे. उष्णता आणि प्रकाशाची इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या अनुभवाचे सूत्र होय. आणि ते त्याला स्वतःला पूर्णपणे उमगले, ते या भागातील मुले बर्फाकडे जाऊ लागली तेव्हा.

बर्फ आणि चंद्रपूर यांचा संबंध वरवर पाहता दूरान्वयानेही लागत नाही. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये ‘मिशन शौर्य’ या नावाने चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांचे गिर्यारोहणाचे प्रशिक्षण सुरू झाले, ते वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख अशा टप्प्यांनी पुढे गेले, आणि मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण, चार मुलगे आणि एक मुलगी, ८,८४८ मीटर उंचीच्या एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ही घटना साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने पाहिली. परंतु दोन्ही जिल्ह्यांतील शाळांमध्ये तिचा परिणाम कौतुकापुरता मर्यादित राहिला नाही. बर्फावर जाणे ही दुसऱ्यांची गोष्ट आहे ही भावना ओसरली, गिर्यारोहणाच्या प्राथमिक वर्गांची चौकशी होऊ लागली, कोणी गुलमर्ग किंवा औली येथील स्कीइंगच्या, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाच्या, वर्गांविषयी विचारू लागले, आणि सैन्यात व निमलष्करी दलांत भरती होऊन हिमालयात नेमणूक मिळालेले तरुण तर आधीपासूनच होते. अशा तरुणांची दृष्टी तपासून प्रमाणपत्र तयार करण्याचे काम नेत्रसहाय्यकाकडे येते. तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता आली, रंग ओळखता आले की तपासणी संपते; डोळे चांगले आहेत असा शेरा पडतो; आणि ते चांगले डोळे पुढच्या महिन्यात कोणत्या प्रकाशात उघडणार आहेत याविषयी त्या कागदावर एकही ओळ नसते. ही उणीव लक्षात आल्यापासून या नेत्रसहाय्यकाने अशा प्रत्येक तपासणीला जोडून थोडा वेळ बोलण्याचा प्रघात ठेवला.

त्या बोलण्याचा शास्त्रीय पाया असा. सूर्यप्रकाशात डोळ्याला दिसणाऱ्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे कमी तरंगलांबीचे जे किरण असतात त्यांना अतिनील किरण म्हणतात; त्यांची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात, मोजली जाते. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ते ‘अ’ प्रकारचे, २८० ते ३१५ चे ‘ब’ प्रकारचे आणि त्याहून कमी तरंगलांबीचे ते ‘क’ प्रकारचे. ‘क’ किरण वातावरणातच शोषले जातात, ‘ब’ किरणांचा बराच भाग ओझोनचा थर अडवतो, आणि उरलेले ‘ब’ व बहुतेक ‘अ’ किरण जमिनीवर पोहोचतात. डोळ्यात शिरताना त्यांना प्रथम पारपटल लागते, जे डोळ्याच्या पुढच्या भागावरचे घड्याळाच्या काचेच्या आकाराचे पारदर्शक आवरण आहे, आणि त्यामागे नेत्रभिंग. ‘ब’ किरणांचा मोठा वाटा पारपटल शोषून घेते, ‘अ’ किरणांचा मोठा वाटा भिंग शोषून घेते, आणि प्रौढ माणसात दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे चित्र उमटते त्या मागच्या पडद्यापर्यंत, फारच थोडे किरण जातात. लहान मुलांचे भिंग अधिक पारदर्शक असल्याने त्यांच्यात हा आतला वाटा जास्त असतो, आणि म्हणूनच किशोरवयीन प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत काळजी अधिक घ्यावी लागते. शोषणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. जे आवरण किरण शोषते तेच इजा सोसते.

उंची वाढते तशी वरची हवा विरळ होते आणि साधारणतः दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि एव्हरेस्टचा नेपाळकडील तळछावणीचा भाग ५,३६४ मीटरवर. केवळ उंचीचा हिशेब केला तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही; परंतु खरा घात उंचीपेक्षा जमिनीकडून होतो. गवत, माती, पाणी यांवरून अतिनील किरणांचा दहा टक्क्यांहून कमी भाग परत फिरतो, कोरड्या वाळूवरून सुमारे पंधरा टक्के, आणि ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या उन्हाळ्यातील रेतीवर दुपारी डोळे दिपतात असे जो म्हणतो, त्याने त्याहून पाचपट परावर्तन करणाऱ्या पृष्ठभागाची कल्पना करावी.

याला डोळ्याच्या रचनेचा आणखी एक पदर आहे, आणि तो समजावून सांगितल्याशिवाय पुढचे सगळे सांगणे वाया जाते, असा या नेत्रसहाय्यकाचा ठाम अनुभव आहे. मनुष्याच्या कपाळाचे हाड, भुवया आणि वरची पापणी यांची रचना वरून येणारा प्रकाश अडवण्यासाठी योग्य आहे. चंद्रपुरात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण नाहीशी होते. आकाशातून येणारे अतिनील किरण त्या दिवसांत अत्यंत तीव्र असतात, पण नेमक्या त्याच वेळी डोळा कपाळाच्या सावलीत असतो, पायाखालची काळी किंवा तांबडी माती फारसे काही परत पाठवत नाही, आणि माणूस खाली पाहून चालतो. गुलमर्गच्या जानेवारीत हे चित्र नेमके उलटे होते. तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपासच वर असतो, म्हणजे किरण समोरून येतात; आणि घसरणाऱ्याची नजर ज्या उताराकडे लागलेली असते तो उतारच प्रकाश वर फेकत असतो. खाली पाहणे हा चंद्रपुरात बचाव आहे, बर्फावर तोच धोका होतो. आणि खालून येणारा प्रकाश टोपीच्या काठाला जुमानत नाही. शिवाय अंगाला थंडी वाजत असते. ज्या शरीराने आयुष्यभर झळ हीच उन्हाची खूण मानली, ते शरीर शून्याखालच्या हवेत उन्हाची दखलच घेत नाही, आणि म्हणून उन्हाळ्यात तावून निघालेल्या प्रदेशातील माणूस बर्फावर अधिक सावध राहील ही अपेक्षा फोल ठरते. आम्ही ४७ अंश पाहिले आहेत, तिथले ऊन काय करणार, हे वाक्य या नेत्रसहाय्यकाने इतक्या तरुणांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचे उत्तर शोधणे हा त्याच्या कामाचाच भाग बनला.

उत्तर मिळाले ते हिमालयात नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात. बल्लारपूरपासून घुग्गुस, गडचांदूरपर्यंत कोळसा खाणी, सिमेंट, कागद आणि वीज यांच्या उद्योगांभोवती वेल्डिंगची लहान-मोठी दुकाने उभी आहेत, आणि त्या दुकानांमधून एका ठरावीक वेळी एक ठरावीक रुग्ण रुग्णालयात येतो. वेळ रात्रीची, बहुधा मध्यरात्रीनंतरची. रुग्ण तरुण असतो, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा, दिव्याकडे पाहवत नाही, आणि डोळ्यात मूठभर रेती गेल्यासारखे वाटते अशी त्याची तक्रार असते. दुपारी काय केले असे विचारले तर तो काही विशेष नाही असे सांगतो. बराच वेळ खोदून विचारल्यावर कळते की त्याने वेल्डिंगच्या वेळी खिडकीची जाळी किंवा लोखंडी चौकट धरून ठेवली होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की असा रुग्ण पुष्कळदा स्वतः वेल्डर नसतो. वेल्डरच्या हातात काळ्या काचेची ढाल असते, मदतनिसाच्या हातात काहीच नसते, आणि ठिणगी पडताना आपण तोंड फिरवतो एवढ्या भरवशावर तो उभा असतो. अशा माणसाला इकडे डोळ्याला वेल्डिंग लागली असे म्हणतात, आणि या विकारात व बर्फावरच्या हिमांधतेत, म्हणजे बर्फावरील प्रकाशाने काही काळ दिसेनासे होण्यात, वैद्यकीयदृष्ट्या काहीही भेद नाही. दोन्ही ठिकाणी अतिनील किरणांनी पारपटलाच्या सर्वात वरच्या थरातील पेशी मरतात. शास्त्रीय परिभाषेत याला प्रकाशजन्य पारपटलदाह म्हणता येईल.

या विकाराची घातक बाजू म्हणजे त्याचा उशीर. पेशींना इजा झाली तरी त्या लगेच गळून पडत नाहीत. साधारणतः सहा ते बारा तासांनी त्या सुटू लागतात आणि त्यांच्याखालच्या, शरीरातील अत्यंत संवेदनशील अशा मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. म्हणजे वेदना सुरू होते तेव्हा इजा करणारी गोष्ट कधीच संपलेली असते. जाळी धरणारा मुलगा संध्याकाळी बरा जेवतो आणि रात्री कळवळत उठतो. बर्फावर दिवसभर चष्मा न लावता फिरलेला प्रशिक्षणार्थी तंबूत शिरेपर्यंत बरा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आपल्या बुटांच्या नाड्याही दिसत नाहीत. घरी हा प्रसंग अंधाऱ्या खोलीत दोन दिवस काढून निभावतो. हिमनदीवर, जेथे पुढच्या पावलाखाली भेग आहे की नाही हे डोळ्यांनीच ठरवायचे असते, तेथे तो जिवावर बेततो. दुखले की चष्मा लावू, हा विचार म्हणूनच मुळात निरर्थक आहे.

या कामातील एक निर्णायक क्षण अशाच एका रात्री आला. पारपटलावरील जखम पाहण्यासाठी फ्लुरोसीन नावाच्या नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याच्या पाण्याला लावतात आणि निळ्या प्रकाशात पाहतात; जेथे वरचा थर गेलेला असतो तेथे हिरवे ठिपके चमकतात. त्या रात्री आलेल्या, वेल्डिंग लागलेल्या मुलाच्या डोळ्यात हे ठिपके पारपटलभर विखुरलेले नव्हते, तर दोन पापण्यांच्या मधल्या उघड्या फटीइतक्याच आडव्या पट्ट्यात होते. वरच्या पापणीने झाकलेला भाग जवळजवळ निर्मळ होता. पापणीसारख्या पातळ कातडीने जेवढे झाकले तेवढे वाचले, हे इतके स्पष्ट दिसत होते की त्यानंतर आश्रमशाळांतील बोलण्यात नेत्रसहाय्यकाने तरंगलांबीच्या आधी हेच चित्र फळ्यावर काढायला सुरुवात केली. मुलांना वेल्डिंगचे दुकान ठाऊक असते, गावातला कोणीतरी त्या रात्रीतून गेलेला असतो, आणि बर्फ म्हणजे दिवसभर चाललेले मोठे वेल्डिंगच समजा असे सांगितले की वर्गात शांतता पसरते. हिमालयाचे ज्ञान बल्लारपूरच्या दुकानातून देता येते, हा या व्यवसायाने दिलेला सर्वात उपयोगी धडा मानावा लागेल.

उपचाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मूळ इजेपेक्षा उपचाराने झालेले नुकसान या भागात अधिक पाहावे लागले आहे. पारपटलाचा वरचा थर स्वतःहून भरून येतो. एक ते तीन दिवसांत बहुतेक डोळे पूर्ववत होतात. अंधार, डोळे न चोळणे, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ती ताबडतोब काढणे, बंद पापणीवर थंड ओले फडके, पोटातून वेदनाशामक गोळी, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेले जंतुसंसर्ग टाळणारे मलम, एवढ्यावर काम भागते. प्रत्यक्षात रात्र निभावावी म्हणून डोळ्यात बाळंतिणीचे दूध घातले जाते, पानाचा रस पिळला जातो, मध सोडला जातो, कच्च्या बटाट्याची चकती थेट उघड्या डोळ्यावर ठेवली जाते; आणि वरचा थर आधीच गेलेला असल्याने बाहेरचे जंतू किंवा बुरशी यांना आत शिरायला वाटच मिळते. दोन दिवसांत बरा होणारा डोळा अशा उपायांनी पांढरे फूल पडून कायमचा अधू झालेला पाहणे हे फार दुःखद असते, आणि ज्या आजीने तो रस मायेने पिळलेला असतो तिला दोष देऊनही काही साधत नाही. याच्या जोडीला दुसरा धोका शहरी आहे. डोळा बधिर करणारे थेंब तपासणीच्या वेळी टाकले की क्षणात आराम पडतो, म्हणून रुग्ण तीच बाटली मागतो, आणि काही वेळा ती औषधाच्या दुकानातून मिळवतोही. हे थेंब वारंवार वापरल्यास पेशींची भरून येण्याची क्रियाच मंदावते आणि पारपटल विरघळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक चमूच्या औषधपेटीची यादी पाहताना या एका बाटलीविषयी स्पष्ट बजावले जाते.

प्रतिबंधाचे साधन एकच आहे आणि ते म्हणजे योग्य चष्मा; परंतु चष्मा देणे आणि तो डोळ्यांवर राहणे यांत मोठे अंतर आहे. या भागातील खेड्यांत काळा चष्मा दोघांच्याच चेहऱ्यावर दिसतो: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या म्हाताऱ्यांच्या, आणि चित्रपटातल्या नायकासारखे दिसू पाहणाऱ्या तरुणांच्या. त्यामुळे शाळकरी मुलगा तो लावायला संकोचतो, मुलगी तर अधिकच, आणि गुरुजींसमोर किंवा वडीलधाऱ्या माणसासमोर काळा चष्मा लावून उभे राहणे हा उर्मटपणा समजला जातो. एका प्रशिक्षणार्थीने परतल्यावर सांगितले की वरिष्ठ शिक्षक बोलायला आले की तो प्रत्येक वेळी चष्मा काढून हातात धरीत असे, आणि दिवसातून कितीदा धरला याचा त्याला हिशेब नव्हता. त्याच्या अदबीत काही चूक नव्हती. चूक होती ती या गोष्टीचा विचारच न करणाऱ्या तयारीत. तेव्हापासून निघण्यापूर्वीच्या महिन्यात मुलांनी गावातच, शेतावर, मैदानावर आणि शिक्षकांसमोरही चष्मा लावून वावरावे, आणि शिक्षकांनी सर्वांदेखत तशी मुभा द्यावी, असा आग्रह धरला जातो. सवयीचा भाग शस्त्राइतकाच महत्त्वाचा असतो, हे कोणताही जुना सैनिक मान्य करील.

चष्म्याच्या निवडीत सर्वात मोठा गैरसमज रंगाविषयी आहे. काचेचा काळेपणा दिसणारा प्रकाश कमी करतो. अतिनील किरण अडवण्याचा गुण वेगळा आहे आणि तो पूर्ण पारदर्शक काचेतही असू शकतो. पॉलिकार्बोनेट नावाचे टणक प्लॅस्टिक हे किरण स्वभावतःच जवळजवळ पूर्णपणे अडवते, तर साधी काच ‘ब’ किरण बऱ्याच अंशी अडवून ‘अ’ किरणांना वाट देते. आठवडी बाजारात दोरीला टांगलेले काळे चष्मे यांपैकी कोणत्या जातीचे आहेत हे नुसते पाहून सांगता येत नाही, आणि जो चष्मा केवळ काळा आहे त्याच्यामागे डोळ्याची बाहुली रुंदावते व डोळे बारीक करण्याची उपजत क्रिया मंदावते, ज्यामुळे संरक्षणाचा केवळ आभास राहतो. म्हणून चष्म्यावर ‘यूव्ही ४००’, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सर्व किरण अडवणारा, अशी खात्रीशीर नोंद असावी; आणि शक्य असेल तेथे चष्म्याच्या दुकानातील तपासणी यंत्राखाली तो धरून पाहावा. त्यानंतर गडदपणाचा क्रमांक पाहावा. शून्य ते चार असे हे क्रमांक असतात. तिसऱ्या क्रमांकाचा चष्मा दिसणाऱ्या प्रकाशाचा आठ ते अठरा टक्के भाग आत सोडतो, चौथ्या क्रमांकाचा तीन ते आठ टक्के, आणि हा चौथा हिमनदी व अतिउंचीसाठी योग्य असला तरी तो लावून वाहन चालवणे निषिद्ध आहे. ध्रुवित काच आडव्या पृष्ठभागावरची चकाकी कमी करते, पण ध्रुवित म्हणजे अतिनीलरोधक असा अर्थ होत नाही. बाजूंनी आणि खालून प्रकाश शिरू नये यासाठी चष्म्याला कडेची झापडे हवीत किंवा तो चेहऱ्याला लपेटणारा हवा. बर्फावर या झापडांचे महत्त्व काचेइतकेच आहे.

स्कीइंगमध्ये साधा चष्मा पुरत नाही. वेगामुळे वारा डोळ्यांत घुसतो, पाणी येते, पडल्यावर काडी मोडून डोळ्याला लागू शकते. म्हणून फोमची कड आणि रुंद पट्टा असलेला, दुहेरी काचेचा बंद गॉगल वापरतात, आणि ज्यांना नंबर आहे त्यांच्यासाठी आत चष्मा मावेल असा मोठा गॉगल मिळतो. तरीही तो काढला जातो, आणि त्याची कारणे दोनच असतात. पहिले कारण वाफ. घामेजलेल्या कपाळावर गॉगल सरकवला की आतली काच ओली होते, थंडीत ती गोठते, आणि मग पुसण्याच्या खटाटोपात आतला वाफरोधक लेपही निघून जातो. विश्रांतीतही गॉगल डोळ्यांवरच ठेवणे आणि तोंडावरचे फडके त्याच्या खालच्या हवाझरोक्यांवर न घेणे हा त्यावर उपाय. दुसरे कारण ढग. आभाळ भरून आले की बर्फावरच्या सावल्या नाहीशा होतात, खड्डा आणि उंचवटा सारखेच पांढरे दिसतात, गडद काचेतून काहीच उमगत नाही, आणि ऊन नाहीच तर चष्मा कशाला असे म्हणून तो खिशात जातो. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतच असतो. अशा दिवसांसाठी पिवळ्या किंवा नारिंगी छटेची, कमी गडद पण तितकीच अतिनीलरोधक काच असते, आणि ती जवळ बाळगणे हे गडद काच बाळगण्याइतकेच आवश्यक आहे. हिमाचलातील एका वर्गाहून परतलेल्या गडचिरोलीच्या तरुणाने आपली संपूर्ण सहल व्यवस्थित पार पडल्याचे सांगून फक्त एका ढगाळ दिवसानंतरची रात्र वाईट गेल्याचे सांगितले, तेव्हा पुढे काही विचारण्याची गरज उरली नव्हती.

समोर ऊन किंवा बर्फ दिसत नाही म्हणजे चष्मा नको, हा भ्रम नवशिक्यांपुरता नाही. ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन यांनी ४ जून १९२४ रोजी एव्हरेस्टवर कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत मजल मारली. पायाखाली बर्फ नसून खडक आहेत म्हणून त्यांनी त्या दिवशी चष्मा काढून ठेवला होता, आणि त्याच रात्री त्यांची दृष्टी गेली ती दोन दिवसांहून अधिक काळ परतली नाही. उलट, ज्यांच्याकडे काच नव्हती त्या आर्क्टिकमधील इन्युइट लोकांनी लाकूड, हाड आणि हस्तिदंत यांच्या पट्टीला बारीक आडव्या फटी पाडून शेकडो वर्षे डोळे राखले. गडचिरोलीच्या एका आश्रमशाळेत मुलांनी बांबूच्या कामटीला अशी फट पाडून पट्टी बनवली, ती दोरीने बांधून मैदानावर फिरून पाहिली, आणि चष्मा हरवला किंवा फुटला तर पुठ्ठ्याची अशी पट्टी काही मिनिटांत करता येते हे त्यांना वेगळे पटवून द्यावे लागले नाही. बांबू ज्यांच्या हातात लहानपणापासून असतो त्यांची बोटे अशा कामात शिकवणाऱ्याच्या पुढे असतात.

बर्फाविषयीच्या या सगळ्या बोलण्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की नेत्रसहाय्यकाला आपल्याच जिल्ह्यांतील डोळ्यांकडे नव्याने पाहावे लागले. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यातून पारपटलावर सरकणारी मांसाची पाचर शेतकऱ्यांत, गुराख्यांत आणि नदीवर जाळी टाकणाऱ्यांत वारंवार दिसते. तिचा दीर्घकाळच्या अतिनील किरणांशी संबंध प्रस्थापित झालेला आहे, आणि ती नाकाकडेच का वाढते याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की कानाकडून तिरपे शिरलेले किरण पारपटलाच्या वक्रतेमुळे पलीकडच्या कडेवर एकवटतात. कडेची झापडे केवळ बर्फावरच लागतात असे नाही, हे यातून उघड होते. मोतीबिंदूच्या काही प्रकारांतही या किरणांचा वाटा आहे. मात्र वय हे त्याचे प्रमुख कारण आहे, आणि प्रत्येक मोतीबिंदू उन्हाच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. ग्रहणाच्या दिवशी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटल जळते तो विकार याहून वेगळा आहे, आणि त्याला कोणताही गॉगल, कितीही गडद असला तरी, पुरत नाही. उन्हात काम करणाऱ्यांसाठी रुंद काठाची टोपी, किंवा दुपट्टा कपाळावर पुढे ओढून केलेली सावली, डोळ्यांपर्यंत येणारे किरण बरेच कमी करते. येथील जमीन बर्फासारखी परावर्तन करत नसल्याने टोपी येथे खरोखर उपयोगी पडते, आणि तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, दिवसभर उघड्यावर पुडे मांडणाऱ्या माणसाला एवढे तरी सांगायला हवे.

बर्फावरून परतलेल्या मुलांचे गॉगल आणि चष्मे बहुधा पेटीत पडून राहतात, पण गावातही त्यांचा उपयोग आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून गडचिरोलीच्या आरमोरी, देसाईगंजपर्यंत हा सारा धानाचा पट्टा आहे. कापणी झाली की पुंजणे रचले जातात, मग मळणी सुरू होते, आणि त्या आठवड्यांत धानाची लोंब किंवा कुसळ डोळ्यात जाऊन पारपटलाला ओरखडा पडलेले रुग्ण रांगेने येतात. त्या ओरखड्यातून बुरशीचा जो संसर्ग होतो तो महिनोन्‌महिने उपचार करूनही पुष्कळदा डोळा घेऊन जातो, आणि अशा जखमेपुढे हिमांधता किरकोळ वाटावी. पॉलिकार्बोनेटची काच कुसळ अडवते, कडेची झापडे भुसा अडवतात, आणि त्यासाठी गडद काचेऐवजी गॉगलची पिवळी किंवा पारदर्शक काच बसवली की मळणी यंत्राजवळ सगळे स्वच्छ दिसते. एव्हरेस्टच्या वाटेवर जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या एका मुलीने आपला गॉगल मळणीच्या दिवसांत वडिलांना दिला आणि पुढच्या हंगामाआधी आणखी तसेच दोन कोठे मिळतील याची चौकशी केली. तिला चंद्रपूरच्या वेल्डिंग साहित्याच्या दुकानांत मिळणारे पारदर्शक सुरक्षा चष्मे सुचवले गेले, कारण ते त्याच प्लॅस्टिकचे असतात आणि गॉगलच्या मानाने स्वस्त पडतात.